बोळकंभर साखर

चंद्री नदी जिथे कंबर मुरडून वळते, तिथे सातजांभळी नावाचं एक गाव आहे. जांभळीची झाडं सातच का, आठ का नाहीत, असं मला विचारू नका. आठवं झाड लहानपणीच शेळीने खाल्लं, असं म्हणतात. गावाला दोन आळ्या. टेकाडावर वरची आळी आणि खाली, नदीच्या अगदी कुशीत, कुंभारवाडा.

कुंभारवाड्यात केशर राहायची. अंगाने चिमणी, डोळ्यांनी टपोरी, आणि वेण्या इवल्या इवल्या, शेळीच्या शेपटीसारख्या सदा वर उडालेल्या. उजव्या अंगठ्यावर तिला भाजल्याची एक छोटीशी खूण होती, थेट चंद्रकोरीसारखी. घरात माणसं तीन. केशर, तिची आई अंजनी आणि आबा, म्हणजे आजोबा.

केशरची आई मडकी करायची ती अशी गोल, अशी गुळगुळीत, की पाणी भरायला आलेल्या बायका आधी हात फिरवायच्या आणि मग भाव विचारायच्या. भट्टीतून नवं मडकं निघालं की आई ते बोटाच्या पेराने टकटक वाजवायची. मग तोंडाशी धरून त्यात हाक मारायची, "केशेऽऽ!" मडकं नीट भाजलेलं असलं की आतून हाक घुमत यायची. केशर चिंचेवर असो की नदीवर, ती हाक ऐकून धावत सुटायची.

"बघ, मडकं बी तुला वळखतंय," आई म्हणायची, आणि तिची मातीने माखलेली बोटं केशरच्या नाकाला लागायची.

असे गोडीगुलाबीचे दिवस चालले होते. आणि मग त्या श्रावणात चंद्री खवळली.

एरवी ती शहाणी नदी. पण त्या दिवशी तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! तांबडं लाल पाणी उसळत आलं. माणसं टेकाडावरच्या देवळात पळाली म्हणून वाचली. बाकी सगळं गेलं. भिंती गेल्या, भट्ट्या गेल्या, रचून ठेवलेली मडकी बुडबुड करत गेली आणि ज्यावर सारं घर फिरायचं, ते चाकही गेलं. पाणी उतरलं तेव्हा कुंभारवाड्यात उरला फक्त गाळ. दारात गाळ, चुलीत गाळ, आबांच्या चपलेत गाळ.

चाकाशिवाय कुंभाराने करावं काय? आई तालुक्याच्या गावी एका खानावळीत भाकऱ्या थापायला गेली. जाताना तिने केशरच्या वेण्या घट्ट बांधल्या आणि म्हणाली, "चाकाचं पैसं जमलं की येते गं. रडायचं न्हाई."

केशर रडली नाही. पण रोज संध्याकाळी ती शेवटच्या जांभळीखाली जाऊन बसायची आणि वाटेकडे बघत राहायची. एक फुटकी खापरी तिला गाळात सापडली होती. ती कानाला लावून बघायची. खापरीत वारा वाजायचा. हाक मात्र नसायची. आईची आठवण पोटात दुखल्यासारखी दुखायची, आणि त्यावर ओवा खाऊन काही उपयोग नव्हता.

आता एक गंमत ऐका. गंमत म्हणजे हसण्याजोगी नव्हे, कपाळावर हात मारण्याजोगी.

पूर ओसरला तेव्हा वरच्या आळीने मायेने जेवण पाठवलं. डब्यांतून पिठलं आलं, पातेल्यांतून भात आला. कुंभारवाडा जेवला. पण सातजांभळीत एक रीत होती, शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. चिमूटभर साखर घाला, मूठभर दाणे घाला, नाहीतर एक मिरची घाला, पण काहीतरी घाला. आणि कुंभारवाड्यात तर मिरचीचा देठसुद्धा उरला नव्हता.

मग काय! बायकांनी ती भांडी गाळानेच घासघासून लख्ख केली आणि आबांच्या पडवीत रचून ठेवली.

"रिकामं भांडं कोन्त्या तोंडानं द्यायचं?" आबा म्हणाले. "आन आदुगरचं दिल्याबिगर नवं घ्यायचं न्हाई."

झालं! नवं जेवण आलं की कुंभारवाडा हात जोडून नको म्हणू लागला. तिकडे वरच्या आळीत गुणाकाकूंनी नाक मुरडलं. त्या मनाने लोण्याच्या, पण जीभ अशी, की सुपारी कातरावी.

"बघा गं बाई! माझा लग्नातला पितळी डबा गेला तो गेलाच. जेवायला गोड लागलं, डबा द्यायला हात जड झाला! आन वर आता आमचं अन्न बी नको!"

इकडचे लाजले, तिकडचे रुसले. मदत थांबली. छपरं नाहीत, चाकं नाहीत, भट्ट्या नाहीत. कुंभारवाडा गाव सोडायची भाषा बोलू लागला. शेजारच्या शेवंतावहिनीने तान्ह्या बाळाची दुपटीसुद्धा बांधून ठेवली. केशरला एकच घोर लागला. सगळे गेले, आणि मग आई आली, तर ती कोणत्या दाराशी येईल?

विहिरी गढूळ झाल्या होत्या, म्हणून केशर सकाळी उठून रानातल्या झऱ्यावर जायची. लांबचा रस्ता. कळशी लहान, पण पोरगी त्याहून लहान. त्या दिवशी कळशी भरून ती निघाली आणि बकुळीच्या झाडाखाली तिला काहीतरी चमकताना दिसलं.

आधी वाटलं काजवा. पण सकाळी काजवा कसा? मग वाटलं, मोरपिसाचा डोळा. पण मोरपीस मुसमुसून रडतं का कधी?

ती परी होती! ओंजळीत मावेल एवढी, इवलीशी, नाजूकशी. केस चांदण्याच्या रंगाचे, झगा जांभळा, झग्याला दवबिंदूंच्या घुंगरांची झालर. पण पंख मात्र, अरेरे, गाळाने बरबटलेले, वाळून कडक झालेले.

"मला घाबरू नकोस हं," परी हळूच म्हणाली. "पुरात मी वाहत आले. झऱ्यावर पंख धुवायला जावं, तर मला चालवत नाही."

केशरने आपल्या कळशीकडे बघितलं. एवढं पाणी पुन्हा आणायचं म्हणजे पुन्हा तेवढी वाट जायचं, पुन्हा तेवढी यायचं. तिने एक उसासा टाकला आणि कळशी खाली ठेवली.

"बस इथं, परीताई. हलू नगंस."

ओंजळ ओंजळ पाणी घालून तिने ते पंख धुतले. किती हलक्या हाताने म्हणून सांगू! एकेक पापुद्रा सुटत गेला आणि खालून रंग उमलत गेले. आधी मोरपिशी, मग अबोली, मग पिकल्या लिंबाचा पिवळा. पंख धुताना गाळ तिच्या बोटांत आला. तिने तो चुरला आणि ती थबकली. एक खडा नाही, एक काडी नाही. लोण्यासारखा मऊ! अशी माती शोधायला आई नदीच्या पार त्या टोकाला जायची. आणि इथे तर ती सगळ्यांच्या दारात येऊन पडली होती!

परीने पंख झटकले. रंगीत थेंबांची फवारणी झाली. मग तिने झग्यातून चांदीचा एक करंडा काढला, कुंकवाच्या करंड्याएवढा. आत तीन दाणे चमचमत होते.

"माझी सगळी जादू पाण्यात गेली. एवढे तीन दाणे उरलेत. घे. दाणा बोळक्यात टाकायचा आणि मोठ्याने मागायचं."

"मग माझी आई!" केशर एका दमात म्हणाली. "माझी आई दे!"

परीचे डोळे भरून आले. "जादूने माणसं ओढून आणता येत नाहीत, राणी. माणसं आपल्या पायांनीच यावी लागतात. आणि मागशील ते बोळक्यात मावेल एवढंच मिळेल, त्याहून तसूभरही जास्त नाही. आणि हा करंडा माझ्या आईचा आहे. कोजागरीच्या पुनवेला दिवे लागायच्या वेळी तो मला परत आणून दे."

"देईन," केशर म्हणाली. मग तिला वाटलं, विचारावं. "पण परीताई, सगळे दाने मला दिलेस. तुला काय ऱ्हायलं?"

"देताना असं विचारायचं नसतं," परी म्हणाली आणि बकुळीच्या अगदी खालच्या फांदीवर जाऊन बसली. एवढे सुंदर पंख, पण ती खालच्याच फांदीवर का बसली, हे केशरला तेव्हा काही उमगलं नाही.

केशर वाटेने विचार करत आली. बोळक्यात आई मावत नाही. घर मावत नाही. चाक तर मुळीच मावत नाही. मग मावतं तरी काय?

पडवीत भांडी लखलखत होती. ती बघता बघता केशरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोळक्यात साखर मावते!

पण बोळकी कुठली? चाक नसलं म्हणून काय झालं, बोळकं तर तळहातावरही घडवता येतं. गाळाचा गोळा घ्यायचा, मधे अंगठा रुतवायचा आणि फिरवत फिरवत कडा वर आणायच्या. आई तिला भातुकलीसाठी असंच करायला शिकवायची. आई प्रत्येक भांड्याच्या बुडाला अंगठा उमटवायची, म्हणून केशरनेही उमटवला. तिच्या अंगठ्याबरोबर ती चंद्रकोरही उमटली. तिचं बघून वाड्यातली पोरं जमली, पोरांचं बघून बाया आल्या, आणि शेवटी आबाही "तुमची कड वाकडी हाय" असं म्हणत मातीत बसले. बुडाला खूण करायचं काम सगळ्यांनी केशरला दिलं.

बोळकी सावलीत सुकली. पण भाजायची कशी? शेणी ओल्या, लाकडं ओली, काड्यापेटी ओली. केशरने एक बोळकं घेतलं, त्यात एक दाणा टाकला आणि मोठ्याने म्हणाली, "बोळकंभर निखारा दे! वल्या शेणीला बी पेटवंल असा!"

चर्रर्र! बोळक्यात माणकासारखा लालबुंद निखारा फुलला. ओल्या शेणी खोकल्या, शिंकल्या आणि धडधडून पेटल्या. राख निवली तेव्हा आतून लाल लाल, गोजिरवाणी बोळकी निघाली, गुंजांचा ढीग ओतल्यासारखी. पुरानंतर पहिल्यांदाच वाड्यात कोणीतरी हसलं.

मग दुसरा दाणा. "बोळकंभर साखर दे! पन सगळ्या भांड्यांना पुरंल अशी!"

मागणं जरा चलाखीचंच होतं, नाही का? पण नियमात बसत होतं. बोळक्यात हिऱ्याच्या चुऱ्यासारखी साखर चमकू लागली आणि कितीही काढली तरी ती बोळकंभरच राहिली. प्रत्येक घासलेल्या भांड्यात एकेक साखरेचं बोळकं ठेवून पोरांची वरात टेकाड चढली.

गुणाकाकूंचा डबा केशरकडे होता. काकूंनी दार उघडलं.

"आलीस व्हय गं! इतके दिस काय डब्यात अंडी उबवत होता?"

"काकू, साखर नव्हती," केशर म्हणाली. "रिकामा डबा कसा द्यायचा?"

काकूंनी झाकण काढलं. आत ते लाल बोळकं, बोळक्यात ती शुभ्र साखर. काकूंची ती कातरीसारखी जीभ टाळ्यालाच चिकटली.

"अगं येडे," शेवटी त्या म्हणाल्या, "पूर आलेल्या घराकडनं साखर कोन मागतंय का? आन मी मेली काय काय बोलले!" त्यांनी केशरला पोटाशी धरलं. मग बोळकं हातात फिरवून म्हणाल्या, "पन थांब. हे भांडं तुमचं. आता मी तरी हे रिकामं कशी देऊ?"

आणि बघा हं, इथून खरी जादू सुरू झाली, आणि ती परीची नव्हती! दुसऱ्या दिवशी गुणाकाकू स्वतः कुंभारवाड्यात आल्या. एरवी पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलेले पैसे त्यांनी बोळक्यात घातले होते. त्यांच्यामागून सगळी वरची आळी आली. कोणाच्या बोळक्यात नाणी, कोणाच्या बोळक्यात घडी घातलेली नोट. गुणाकाकूंनी रिकामी झालेली बोळकी पुन्हा साखरेने भरली आणि माहेरी पाठवली. बाजारच्या बायकांनी ती पाटीत घालून गावोगाव नेली. जिथे बोळकं जाई, तिथे पुराची गोष्ट जाई आणि जिथे गोष्ट जाई, तिथून भांडं काही रिकामं परत येत नसे. पोरांनी दिवाळीच्या फटाक्यांचे पैसे घातले. एका म्हातारीकडे काहीच नव्हतं. तिने शर्टाचं एक बटण घातलं. आबांनी ते बटण कपाळाला लावलं.

वाड्याच्या मधोमध एक रांजण ठेवला होता. त्यात सगळं जमत गेलं, छन छन, खळ खळ. पहिलं छप्पर शेवंतावहिनीच्या बाळावर चढलं. तिने बांधलेली दुपटी सोडली आणि दोरीवर वाळत घातली. मग ज्यांच्या भिंती पडल्या होत्या त्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. चाकं एकेक करून येऊ लागली.

"आपलं चाक सगळ्यांच्या शेवटी," आबा म्हणाले. "घरातल्यांनी वाढायचं, मग जेवायचं."

केशरने मान हलवली. पण शेवट म्हणजे किती लांब? संध्याकाळी ती जांभळीखाली बसली. सगळा वाडा खुलला होता, चाकं गरगरत होती, आणि तिला मात्र त्या गरगरीत एकच आवाज हवा होता. करंड्यात तिसरा दाणा चमचमत होता. आई बोळक्यात मावत नाही. पण आईची हाक? हाक तर मावते! बोळकंभर हाक! रोज कानाला लावायची, रोज ऐकायची, आई येईपर्यंत.

तिने बोळकं घेतलं. दाणा बोटांत धरला. "बोळकंभर..." असं म्हणता म्हणता तिची नजर त्या करंड्यावर गेली.

आज पुनव होती. करंडा परत द्यायचा होता. आणि तो रिकामा झाला असता.

तिला ती खालची फांदी आठवली. एवढे धुतलेले पंख, तरी परी उंच का उडाली नव्हती? कारण उडायलाही जादू लागते, आणि होती नव्हती ती तिने केशरला देऊन टाकली होती. परीलाही घर असेल. घरी करंड्याची वाट बघणारी आई असेल.

केशर खूप रडली. खोटं कशाला सांगू, तिला दाणा मुळीच द्यायचा नव्हता. तिने तो दोनदा करंड्यात टाकला आणि दोनदा बाहेर काढला. मग मात्र झाकण घट्ट लावलं आणि रानाच्या वाटेने धावत सुटली, पुन्हा मन फिरायच्या आत.

दिवे लागायची वेळ होती. बकुळीमागे केशरी, गोल चंद्र वर येत होता. परी त्याच खालच्या फांदीवर बसली होती.

"परीताई, तुझं भांडं आनलंय," केशर धापा टाकत म्हणाली. "रिकामं न्हाई हं."

परीने झाकण काढलं. दाण्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला.

"तुला तुझ्यासाठी काहीच मागायचं नव्हतं?"

"व्हतं," केशर म्हणाली. "लई व्हतं. पन तू घरी कशी गेली असतीस?"

परीने खाली वाकून केशरच्या कपाळावर ओठ टेकले, बकुळीचं फूल पडावं तसे अलगद. मग तिने दाणा हातावर घेतला. तो फुलला, फुलला, त्याची चांदणी झाली, चांदणीची कमळं झाली. मोरपिशी, अबोली, पिवळ्या उजेडाने रान न्हाऊन निघालं. पंख गरगर फिरले, दवाचे घुंगरू वाजले, आणि झगमगत, लुकलुकत परी त्या चंद्राच्या वाटेने दिसेनाशी झाली.

उजेड मावळला. रान पुन्हा रान झालं. केशर एकटीच उभी राहिली, आणि तिला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात घुमत घुमत एक हाक आली.

"केशेऽऽ!"

केशर दचकली. तिने वर बघितलं आणि कळवळून ओरडली, "परीताई, नगं! माझ्यासाठी दाना नगं घालवूस! तू घरी जा!"

"केशेऽऽ!"

हाक वरून येत नव्हती. ती मागून, वाटेवरून येत होती. केशर वळली. वाटेवर आई उभी होती. चपला धुळीने भरलेल्या, पदर खोचलेला, आणि तोंडाशी धरलेलं एक लाल लाल बोळकं.

केशर धावली की उडाली, ते तिचं तिलाच कळलं नाही. आईच्या कुशीत भाकरीचा वास होता, घामाचा वास होता.

"खानावळीत कुनीतरी साखरंचं बोळकं आनलं," आई तिचे डोळे पुसत म्हणाली. "हातात घेतलं, बुडाला बघितलं, तर चंद्रकोरीचा अंगठा! मग मला तितं एक भाकरी थापवंना. आन गावाशी आले, तर तू रानाकडं धावत सुटलेली!"

"चाकाचं पैसं जमलं?"

"न्हाई गं. पन माझी एवढीशी पोर चाकाबिगर बोळकी करती, मग मी काय चाकाची वाट बघत बसू? आपन दोघी हातानं करू." आई जरा थांबली आणि हसली. "तुझं भांडं परत आनलंय, केशे. घालायला मातूर काय बी नव्हतं बघ माझ्याकडं."

केशरने ते बोळकं घेतलं आणि कानाला लावलं. आत आईची हाक अजून घुमत होती.

"भरलेलं हाय," ती म्हणाली.

तर अशी ही सातजांभळीची गोष्ट, मी तुमच्या ओंजळीत घातली. ओंजळ परत करताना तिच्यात काय घालायचं, ते तुमचं तुम्ही बघा.